एका वायरीला एकच धनी

गुप्ते मॅडम शिव्या द्यायच्या त्या मशीनला. माणसांना त्या ‘बाळा’ म्हणायच्या, आणि तेच जास्त झोंबायचं.

“मेल्या, मुडद्या, तुझ्या पंख्यात माती पडो!” असं मागच्या खोलीतून ऐकू आलं की आम्ही बाहेर निवांत असायचो. मॅडम खुशीत आहेत. पण “रोशनबाळा, जरा इकडे येतोस का?” असा गोड आवाज आला, की रोशन हातातला चहा तसाच खाली ठेवायचा आणि शर्ट आत खोचायला लागायचा.

आमची लॅब अंबरनाथच्या एमआयडीसीत. कारखान्यांतून पाण्याच्या बाटल्या यायच्या, ते पाणी तपासायचं आणि त्यात काय सापडलं त्याचा कागद द्यायचा, असं काम. मी तिथे लादी पुसायला आणि चहा करायला. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातून शेअर रिक्षाने यायचे. मालक सिंधी, त्यांना सगळे शेठ म्हणायचे. रोशन जांभूळ गावचा, तिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप. लॅबमधली सगळी यंत्रं तोच बघायचा. आणि गुप्ते मॅडम सोमवारी आणि गुरुवारी बदलापूरहून यायच्या, फक्त मागच्या खोलीसाठी. त्या खोलीत लॅबचा मोठा कॉम्प्युटर होता आणि भिंतीवरून, टेबलाखालून, दाराच्या फटीतून गेलेल्या वायरी.

मॅडम साठीच्या आसपास. पंजाबी ड्रेस आणि पायात पुरुषांचे पांढरे बूट. पर्समध्ये स्क्रूड्रायव्हर, कात्री, दोऱ्याचं रीळ आणि लग्नपत्रिकांचा गठ्ठा. लग्नाला त्या कुणाच्याच जायच्या नाहीत, पत्रिका मात्र हक्काने मागून घ्यायच्या. “जाड कागद फक्त लग्नातच वापरतात लोक. पुढे सगळं पातळ होत जातं,” असं म्हणायच्या. त्या पत्रिकांच्या पट्ट्या कापून, भोक पाडून, दोऱ्याने प्रत्येक वायरीला एक चिठ्ठी बांधायच्या. चिठ्ठीच्या एका बाजूला मॅडमचं अक्षर, दुसऱ्या बाजूला अर्धा गणपती, नाहीतर नुसतंच ‘चि. सौ. कां.’ एवढं. नवरी कात्रीखाली गेलेली.

वायरींची खरी नावं इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची होती. ती मॅडमना पसंत नव्हती. मॅडम सीकेपी, त्यांना मासा सोडून जगात फारसं काही पवित्र वाटायचं नाही. म्हणून इंटरनेटची वायर सुरमई, ऑफिसातल्या कॉम्प्युटरांकडे जाणारी मांदेली, आणि लॅबमधल्या यंत्रांकडे, वजनकाट्याकडे वगैरे जाणारी वायर बोंबील. चिठ्ठीवर तसंच लिहिलेलं. पाहुणे आलेले असताना शेठ केबिनमधून ओरडायचे, “रोशन, बोंबील चालू है क्या?” आणि पाहुण्यांना वाटायचं, जेवायला थांबावं.

थांबले असते तरी चाललं असतं. मॅडम आपला डबा मशीनच्या मागे ठेवायच्या, जिथून गरम हवा बाहेर येते तिथे. अकराला ठेवला की एकला डबा गरम. त्यामुळे सोमवारी आणि गुरुवारी त्या एसीच्या खोलीत सुकटीचा वास कोंडून राहायचा. शेठ कागद विचारायचं निमित्त करून बरोब्बर एकला आत यायचे.

“मॅडम, आज क्या है?”

“आज शेठ, मशीन बंद आहे आणि जवळा चालू आहे. आधी काय बघायचं?”

“जवळा,” शेठ म्हणायचे आणि खुर्ची ओढायचे.

एकदा शेठनी हौसेने देवाचा मोठा फोटो आणून नेमका मशीनच्या मागे, गरम हवा बाहेर येते त्या जाळीवर टांगला. मॅडमनी तो काढला, ओढणीने पुसला आणि शेठच्या केबिनमध्ये नेऊन ठेवला. “देवाला बाहेर बसवा शेठ. आत त्याने जाळी अडवलीय. उद्या मशीन तापून मेलं तर लोक त्यालाच नावं ठेवतील.” शेठ कानाला हात लावत राहिले, पण फोटो केबिनमध्येच राहिला.

माझ्याशी त्यांची ओळख झाली ती मी बोलत नाही म्हणून. मी मुळातच कमी बोलते. कुणी नाव विचारलं तरी आधी घसा साफ करावा लागतो. मॅडमना तेच हवं होतं. एखादी गोष्ट अडली की त्या दारातून हाक मारायच्या, “मालन, ये. स्टुलावर बस. तुला काही विचारणार नाही. नुसती ऐक.” मग मशीनमध्ये काय बिघडलंय ते मला पहिल्यापासून सांगायच्या. अर्ध्यावर आल्या की स्वतःच कपाळावर हात मारायच्या. “सापडलं! जा आता. चहा टाक.” रोशनला का सांगत नाही, असं एकदा शेठनी विचारलं, तर म्हणाल्या, “तो मधे अक्कल पाजळतो. मालन गप्प बसते. गप्प माणसाला समजावताना आपली चूक आपल्याला ऐकू येते.”

स्टुलावर बसून बसून मला थोडं थोडं कळायला लागलं. मॅडम सांगायच्या ते असं. मशीनच्या पोटात लिनक्स नावाचं काहीतरी आहे. त्यात एक जुनी वही असते. प्रत्येक वायरीचं नाव आणि तिचा पत्ता त्या वहीत लिहायचा आणि बाजूला ‘आपोआप’ असा एक शब्द टाकायचा. मशीन जागं झालं की वही वाचतं आणि जिच्या नावापुढे ‘आपोआप’ आहे ती वायर चालू करतं. पुढे मशीनच्या पोटातच एक नवा मॅनेजर आला. तो जास्त हुशार, स्वतःच वायरी हुडकतो, त्यांना पत्ता मिळवून देतो. पण सभ्य आहे. ज्या वायरीचं नाव जुन्या वहीत दिसेल तिला तो हात लावत नाही. म्हणतो, ही दुसऱ्याची.

“म्हणून चिठ्ठीवर धनी लिहायचा,” मॅडम म्हणायच्या. “वही, नाहीतर मॅनेजर. एका वायरीला एकच धनी. बाईला एकवेळ दोन चालतील, वायरीला नाही.”

मी ओठांवर पदर धरायचे.

रोशनने एकदा वायरीला दोन धनी देऊन बघितले होते. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघून त्याने मशीनमध्ये तिसराच एक कारभारी आणून बसवला आणि मांदेलीचं काम त्यालाही दिलं. झालं. ऑफिसातले कॉम्प्युटर दहा मिनिटं चालायचे, दहा मिनिटं गायब. एकाने मांदेलीला एक पत्ता द्यायचा, दुसऱ्याने तो पुसून आपला लावायचा, की पहिला परत येऊन पुसणार. टायपिंग करणारी मुलगी रडकुंडीला आली. गुरुवारी मॅडम आल्या, बूट न काढता बसल्या, बराच वेळ पडद्याकडे बघितलं आणि गोड आवाजात म्हणाल्या,

“रोशनबाळा, मांदेलीला किती नवरे आहेत?”

“मॅडम, बॅकअप म्हणून ठेवला. एक नाय चालला तर दुसरा हाय.”

“तुझ्या बुलेटला दोन हँडल आहेत का रे बाळा? बॅकअप म्हणून? एक तू धर, एक मागे बसलेली बायको धरेल.”

“बायको तसंच चालवते मॅडम, मागून.”

“मग खड्ड्यात कोण जातं?”

रोशन हसला आणि तिसरा कारभारी काढून टाकला. पण त्याला लागलं होतं. बाहेर येऊन मला म्हणाला, “मावशी, म्हातारीचा जमाना गेला. अजून वही लिहिते.” मी कप उचलले.

मॅडमच्या घरी कोण असतं, असं मी एकदाच विचारलं होतं. “तीन पंखे आणि मी,” म्हणाल्या. “त्यातला एक आवाज करतो, त्याच्याशी गप्पा होतात.” घर मांजर्लीत, तळमजल्यावर, नदीपासून फार लांब नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी एका गुरुवारी दुपारी त्यांना शेजारणीचा फोन आला, पाणी पार्किंगमध्ये शिरलंय. मॅडम तशाच उठल्या. हातात स्क्रूड्रायव्हर होता, तो घेऊनच गेल्या. टेबलावर कात्री, पत्रिका, दोरा, सगळं पसरलेलं. मी ते आवरून ड्रॉवरमध्ये ठेवलं. दहा दिवसांनी आल्या तेव्हा हातात तोच स्क्रूड्रायव्हर. “तेवढाच कोरडा राहिला,” म्हणाल्या. “फ्रीज तरंगत पलंगावर जाऊन झोपला होता. इतकी वर्षं उभा होता बिचारा.” आणि कामाला लागल्या. घराचं पुन्हा काही बोलल्या नाहीत.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

आमच्या भागात शुक्रवारी वीज बंद असते, म्हणून लॅबही शुक्रवारी बंद. पूर्वी मागच्या खोलीतलं मशीन शुक्रवारीसुद्धा बॅटरीवर चालू राहायचं. पुढे ती बॅटरी म्हातारी झाली. शेठ म्हणाले, एक दिवस मशीन झोपलं तर काय बिघडतं. तेव्हापासून ते शुक्रवारी झोपायचं आणि शनिवारी रोशन आला की उठायचं.

शनिवारी मी सगळ्यांच्या आधी यायचे. एक दिवसाची धूळ साचलेली असायची, म्हणून त्या दिवशी मी मागची खोलीही पुसायचे, टेबलाखाली हात घालून, चिठ्ठ्यांवरची धूळसुद्धा फडक्याने टिपायचे. चौथीपर्यंत शिकलेय, मराठी वाचता येतं. मॅडमचं अक्षर ठसठशीत होतं, पुसता पुसता मी ते वाचायचे. सुरमई, धनी मॅनेजर. मांदेली, धनी मॅनेजर. बोंबलाच्या चिठ्ठीवर ‘धनी वही’ खोडलेलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘मॅनेजर. उद्या.’ ती चिठ्ठी नेहमी उलटी पडलेली असायची, गणपतीची बाजू वर. मी वाचून परत तशीच ठेवायचे. आपल्याला काय करायचंय.

बॅटरी मेल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी बोंबील बंद. वजनकाट्याचे आकडे मशीनकडे जाईनात. रोशनने आत येऊन बघितलं. लादी ओली. वर बघितलं, मी पोछा हातात धरून उभी.

“मावशी, वायर ओढली काय?”

मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने वायर काढली, फुंकर मारली, परत खोचली, मग मोबाइलमध्ये साठवून ठेवलेली एक ओळ मशीनवर टाइप केली. बोंबील चालू. चालू कशामुळे झालं, खोचल्यामुळे की त्या ओळीमुळे, ते त्याने बघितलं नाही. लादी ओली होती, तेवढं पुरलं.

पुढच्या शनिवारी तेच. त्याच्या पुढच्याही. आठवड्यात इतर दिवशी काही व्हायचं नाही. शनिवारी मी पुसायचे आणि शनिवारी बोंबील मरायचा. मलाच वाटायला लागलं, की माझ्याच हाताने काहीतरी होत असणार. शेठ आले. वाईट बोलले नाहीत, ते कधीच वाईट बोलायचे नाहीत. “बाई, पोछा जरा दूर से मारो ना. रिपोर्ट लेट होते हैं, पार्टी चिल्लाती है. एक बार और हुआ, तो मेरे को दुसरी बाई बघावी लागेल.”

रोशनने लादीवर पिवळी पट्टी चिकटवली. “मावशी, ह्याच्या आत पोछा आणायचा नाय.”

हे काम जाणं म्हणजे माझ्यासाठी परत चार घरची धुणीभांडी. ती मी आधी केली होती. इथे निदान माझी बादली माझी होती आणि बसायला स्टूल होतं. मॅडमना सांगावं असं दर सोमवारी मनात यायचं. चहाचा कप टेबलावर ठेवायचे, घसा साफ करायचे आणि बाहेर यायचे. त्यांच्या कानावर रोशनकडून एवढंच गेलं होतं, की पोछ्याने वायर सैल होते, आम्ही पट्टी लावलीय. मॅडम म्हणाल्या, “बरं.” लॅबची यंत्रं रोशनची, त्या त्यात बोट घालायच्या नाहीत.

चौथ्या शनिवारी मी मागच्या खोलीत गेलेच नाही. दारसुद्धा उघडलं नाही. रोशन आला, आत गेला आणि बाहेर येऊन म्हणाला, “मावशी, आज परत?”

मी आत गेले नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही आलं तोंडून. शेठ म्हणाले, “सोमवारी मॅडम आएगी, उनके सामने बात करेंगे.” सगळ्यांना कळलं, सोमवारी काय बोलायचंय ते.

सोमवारी मॅडम आल्या त्या पॅसेजमध्येच थांबल्या. आमच्याकडे लादी पुसणाऱ्या दोघी होतो, मी आणि लता. आधी पॅसेजवरून आमचं वाजायचं. दोघी पुसायचो, बादल्या आपटायच्या, आणि मी पुसला की लताला वाटायचं, ही माझं काम काढून घेतेय. शेवटी शेठनी फळ्यावर लिहून टाकलं, ‘पॅसेज: लता’. तेव्हापासून मी तिथे पाऊलसुद्धा जपून टाकायचे. त्या आठवड्यात लता बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती. पॅसेजमध्ये इतकी धूळ, की मॅडमच्या बुटांचे ठसे उठले.

“मालन, हे काय? वाळवंट झालंय.”

“लताचं आहे.”

“लता कुठे?”

“बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय.”

“मग तू का नाही पुसलंस? हात मोडले?”

मी फळ्याकडे बोट केलं. “तिचं नाव लिहिलंय ना, मॅडम.”

मॅडम पुढे निघाल्या, दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

“परत बोल.”

मला वाटलं, रागावल्या. “तिचं नाव आहे. म्हणून मी हात लावला नाही. आणि ती तर आलीच नाही.”

“आणि ती तर आलीच नाही,” मॅडम हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने हसल्या. “मुडद्या! मेल्या! नाव आहे म्हणून हा हात लावत नाही, आणि जिचं नाव आहे ती उठतच नाही!” पर्स सांभाळत त्या जवळजवळ पळत मागच्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. स्टुलावर बस म्हणाल्या नाहीत, पण मी बसले.

मशीनमधली जुनी वही त्यांनी उघडली. वहीत एकच नाव होतं, बोंबलाचं. पुढे ‘आपोआप’ हा शब्द नव्हता. मॅडम मला सांगायला लागल्या, नेहमीसारखं, पहिल्यापासून. “हे बघ. मशीन झोपून उठलं. वही वाचली. बोंबलापुढे ‘आपोआप’ नाही, म्हणजे वही त्याला उठवत नाही. मॅनेजर आला. त्याने बघितलं, बोंबलाचं नाव वहीत आहे, म्हणजे दुसऱ्याचा. हात लावला नाही. बोंबील पडून. दर शनिवारी. रोशन ती ओळ मारतो तेव्हा तेवढ्यापुरता उठतो. शुक्रवारी मशीन झोपलं की परत मेला. पण मला एक सांग, हा ‘आपोआप’ खोडला कोणी? आणि अर्धवट कोणत्या गाढवाने सोडलं?”

हे त्यांनी मला विचारलं नव्हतं. पण मला उत्तर माहीत होतं. मी घसा साफ केला. मग खाली बसले, पिवळ्या पट्टीच्या आत हात घातला आणि बोंबलाची चिठ्ठी उलटी केली.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. चष्मा वर करून वाचलं. धनी वही, खोडलेलं. मॅनेजर. उद्या.

“माझंच अक्षर,” त्या म्हणाल्या.

मी चिठ्ठी तशीच उलटी धरून ठेवली.

“तो पाण्याचा गुरुवार. मी बोंबील वहीतून काढून मॅनेजरला देत होते. ‘आपोआप’ खोडला, फोन आला आणि गेले.” त्या लादीवरच मांडी घालून बसल्या. “दहा दिवसांनी आले, तर बोंबील चालू दिसला. पुन्हा कोण बघतंय? तेव्हा मशीन झोपतच नव्हतं.” मग माझ्याकडे बघितलं. “तुला वाचता येतं?”

“चौथीपर्यंत.”

“आणि हे तू दर शनिवारी वाचत होतीस?”

मी मानेनेच हो म्हटलं. मला वाटलं, आता ‘मालनबाळा’ म्हणणार. नाही म्हणाल्या.

खोलीत आम्ही दोघीच होतो. वहीतून बोंबलाचं नाव पूर्ण खोडायला त्यांना एक मिनिट लागलं असतं. पुढच्या शनिवारी बोंबील चालू राहिला असता आणि सगळे म्हणाले असते, पोछा दूर ठेवल्याने थांबलं. किंवा नवी बाई आल्याने. माझ्या डोक्यात हे आलं, म्हणजे त्यांच्याही आलं असणार.

त्यांनी काही खोडलं नाही. वही तशीच उघडी ठेवली आणि दारातून हाक मारली, “शेठ! रोशन! इकडे या. रोशन, मशीन बंद कर आणि परत चालू कर. पोछा कुठे आहे? मालन, पोछा बाहेर ठेव, त्या खांबाला टेकून, सगळ्यांना दिसेल असा.”

मशीन झोपलं, उठलं. बोंबील बंद. पोछा बाहेर खांबाला टेकलेला.

“शेठ, हा निर्दोष सुटला,” मॅडम पोछ्याकडे बोट करून म्हणाल्या. “गुन्हेगार मी. हे माझं अक्षर, हे माझं अर्धवट काम. दोन पावसाळे झाले. या बाईने चार शनिवार बोलणी खाल्ली ती माझी. आता जे बोलायचं ते मला बोला.”

शेठनी हात जोडले. “मॅडम, आप भी ना... कोई बात नहीं. चालू करून टाका.”

“चालू होईल हो. आधी तिला सांगा.”

शेठ माझ्याकडे वळले. “बाई, तू है. कुठे जायचं नाही.” रोशन वाकून पिवळी पट्टी नखाने खरवडून काढत होता. “मावशी, सॉरी,” तो लादीकडे बघत म्हणाला. मग वर बघून, “मॅडम, मी वही उघडलीच नाय. तुमची म्हणून.”

“आणि मी तुझी यंत्रं बघितली नाहीत. तुझी म्हणून. ‘पोछ्याने होतं’ म्हणालास, मी ‘बरं’ म्हटलं. दोघांच्या मधे बोंबील मेला, आणि ही जात होती.” मॅडम खुर्चीत बसल्या. “शेठ, या खोलीला दोन धनी झालेत. एकाचं नाव ठेवा.”

“मॅडम, दोनो रहो ना. बॅकअप.”

रोशनला हसू आलं. मॅडमना नाही आलं.

“रोशनचं ठेवा,” त्या म्हणाल्या. “तो रोज असतो.”

शेठनी खूप समजावलं. जवळ्याची शपथ घातली. मॅडम आणखी दोन आठवडे आल्या. प्रत्येक वायरीशी रोशनला बसवलं, एकेक चिठ्ठी दोघांनी मिळून वाचली, जुनी वही कोरी केली. त्याच्या हातून खोडून घ्यायच्या. “पूर्ण खोड. नाव ठेवायचं तर काम करायचं, नाहीतर नाव काढायचं. मधलं काही ठेवू नकोस बाळा.” या वेळचा ‘बाळा’ झोंबला नाही, असं रोशन मला नंतर म्हणाला.

शेवटच्या गुरुवारी त्यांनी पत्रिकेची एक पट्टी कापली, लिहिली, आणि माझ्या पोछ्याच्या दांड्याला बांधली. ‘निर्दोष. धनी: मालन.’ मागे कुठल्या तरी नवरदेवाचं आडनाव. मग गेटवर गेल्या. वॉचमनकाकांच्या रजिस्टरला पुठ्ठ्यावर नावांची यादी होती. त्यात ‘गुप्ते मॅडम, सोम, गुरु’ असं लिहिलेलं. त्यावर त्यांनी पेन फिरवलं, एकदा, दोनदा, अक्षर दिसेनासं होईपर्यंत.

“अरे मॅडम, काटते क्यों हो? कभी भी आओ,” वॉचमनकाका म्हणाले.

“काका, नाव राहिलं ना, की तुम्ही सोमवारी गेट उघडून माझी वाट बघत बसाल.”

आणि शेअर रिक्षात पुढे, ड्रायव्हरला खेटून, जिथे बायका बसत नाहीत तिथे बसून गेल्या.

त्यानंतर एकदाच दिसल्या. पुतणीच्या साखरपुड्याला मी बदलापूरला गेले होते. बाजारातून जाताना मासळीच्या ओळीत पांढरे बूट दिसले. दोन कोळणींनी मॅडमना मधे धरलं होतं. दोघी म्हणत होत्या, ही माझी गिऱ्हाईक. दोघींनी एकेक पापलेट त्यांच्या पिशवीत टाकलं होतं. मॅडम पिशवीचं तोंड घट्ट धरून दोघींना सांगत होत्या, “आधी ठरवा, मी कोणाची! मग वजन करा!”

मी लांबूनच बघत होते. पुढे जावं असं वाटलं, पण काय बोलणार? परत फिरणार, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

“मालन!” अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडल्या. “पोछा कसा आहे?”

लोक वळून माझ्याकडे बघायला लागले. मी घसा साफ केला.

“बरा आहे, मॅडम.”

“दुसरं कुणी हात लावत नाही ना?”

“नाही.”

“लावू देऊ नकोस!” त्या म्हणाल्या, आणि एक पापलेट पिशवीतून काढून, शेपटीला धरून, ज्या कोळणीचं होतं तिच्या पाटीत परत टाकलं.